शेवटचे शंभर किलोमीटर: नितीन गडकरी यांना खुलं पत्र

माननीय श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्री, नवी दिल्ली



मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला उपअभियंता. नोकरीची बहुतेक वर्षं सातारा आणि रायगड जिल्ह्यांतल्या घाटरस्त्यांवर गेली. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपण राज्याचे बांधकाम मंत्री होतात, तेव्हा मी खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. मुंबईतले ५५ उड्डाणपूल आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग यांची कामं तेव्हा सुरू झाली. मनात आणलं तर सरकारी काम वेळेत होऊ शकतं, हे आमच्या पिढीनं त्या वर्षांत डोळ्यांनी पाहिलं. रस्ता आला की गावात काय बदलतं, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून हे पत्र रस्ते नकोत म्हणणाऱ्या माणसाचं आहे असं कृपया समजू नका.

विषय आहे उत्तरकाशी ते गंगोत्री हा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. चारधाम महामार्ग प्रकल्पातला हा शेवटचा, उत्तरेकडचा तुकडा. उत्तरकाशी समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे-बाराशे मीटरवर आहे आणि गंगोत्री तीन हजार मीटरच्या वर. मधे भटवाडी, गंगनानी, सुक्खी, झाला, हर्सिल, धराली, भैरोंघाटी. पुढे नेलाँगमार्गे तिबेटची हद्द. या रस्त्याचं दहा मीटरपर्यंत रुंदीकरण करायचं ठरलं आहे. त्या निर्णयाचा आपण फेरविचार करावा, एवढ्यासाठी लिहितो आहे.

आधी माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. त्या घाटाचं नाव लिहीत नाही, कारण चूक घाटाची नव्हती. तिथे एक अवघड वळण होतं. एसटी आणि ट्रक समोरासमोर आले की एकाला मागे घ्यावं लागायचं. गावकऱ्यांचे अर्ज येत होते, वरून विचारणा होत होती. मी अंदाजपत्रक केलं, मंजुरी मिळाली आणि डोंगराच्या अंगानं तीन मीटर वाढवून घेतले. काम देखणं झालं. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या पावसाळ्यात, जुलैतल्या एका रात्री, वरचा अख्खा पट्टा झाडांसकट खाली आला. शेवटची एसटी चाळीस मिनिटं आधी त्याच वळणावरून गेली होती. पुढचे एकोणीस दिवस घाट बंद होता. पलीकडच्या वाडीतल्या एका बाळंतिणीला डोलीतून खाली आणावं लागलं. अरुंद वळणावर रोज दहा मिनिटं थांबणारी माणसं माझ्या रुंद वळणामुळे एकोणीस दिवस अडकली. त्या डोलीमागे मी चाललो होतो, तेव्हापासून डोंगराचा पायथा उकरण्याचा प्रस्ताव समोर आला की माझा हात थांबतो.

हे गणित आपल्या खात्यातल्या प्रत्येक अभियंत्याला ठाऊक आहे, पण मंत्र्यांच्या टेबलावर फक्त रुंदीचा आकडा येतो, म्हणून मांडतो. डोंगराचा उतार ४५ अंशांचा आहे आणि कापलेली भिंत ७५ अंशांत उभी ठेवली असं धरा. सात मीटर रुंद पायरी कापायला साधारण साडेनऊ मीटर उंचीची भिंत उघडी पडते. बारा मीटरची पायरी कापायला साडेसोळा मीटरची. निघणारा मलबा मात्र रुंदीच्या वर्गानं वाढतो, म्हणजे सातचे बारा केले की दगडमाती जवळजवळ तिप्पट. आणि उतार ६० अंशांचा असेल, जसा भागीरथीच्या खोऱ्यात कितीतरी ठिकाणी आहे, तर बारा मीटरसाठी उघडी पडणारी भिंत ३९ मीटरच्या घरात जाते. तेरा मजली इमारतीएवढी. दहा मीटरची डांबरी पट्टी म्हटली की गटार आणि कठडा धरून बारा मीटर लागतातच. शिवाय फोडलेला खडक फुगतो. डोंगरात होता तेव्हा जेवढी जागा व्यापायचा, त्याच्या दीडपट जागा त्याला बाहेर लागते. ती जागा त्या दरीत एकच आहे, नदी.

सह्याद्रीचा बेसाल्ट निदान कोट्यवधी वर्षं एका जागी बसलेला आहे. हिमालय अजून उठतो आहे. भटवाडी-गंगनानीच्या परिसरातून भूशास्त्रज्ञ ज्याला मुख्य मध्य भ्रंश म्हणतात ती भेग जाते. गंगनानीला जे गरम पाण्याचे झरे आहेत, ज्यात यात्रेकरू श्रद्धेनं अंघोळ करतात, ते याच तुटलेल्या खडकांतून वर येतात. १९७८ च्या ऑगस्टमध्ये डबराणीजवळ कनोडिया गाडातून, म्हणजे नाल्यातून, आलेल्या दरडीनं भागीरथी अडवली, मग तो बांध फुटला आणि खालच्या गावांनी पूर सोसला. २० ऑक्टोबर १९९१ च्या पहाटे उत्तरकाशीच्या भूकंपात सातशेहून अधिक माणसं गेली. २००३ मध्ये वरुणावत पर्वताची दरड थेट उत्तरकाशी शहरावर उतरली. २०१२ मध्ये असी गंगेला पूर आला. एकाच जिल्ह्याचा हा चाळीस वर्षांचाही हिशेब नाही, आणि यातलं काहीही रुंदीकरणामुळे घडलेलं नाही. डोंगर मुळातच असा आहे. आपण त्यात काय मिसळतो आहोत, एवढाच प्रश्न आहे.

आता हवामानाबद्दल. हा शब्द आला की दिल्लीतल्या बैठकीत झाडं लावण्याचा विषय निघतो आणि बैठक पुढे सरकते. मी तो अभियंत्याच्या बाजूनं मांडतो.

आम्ही मोरी कशी बांधतो? नाल्याचं पाणलोट क्षेत्र मोजतो, गेल्या पन्नास-शंभर वर्षांच्या पावसाच्या नोंदी घेतो आणि पन्नास वर्षांतून एकदा येईल असा पूर धरून मोरीचा गाळा ठरवतो. पुढची पन्नास वर्षं मागच्या पन्नास वर्षांसारखी असतील, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. माझ्या सबंध नोकरीत या गृहीतकाला कुणी हात लावला नाही. मग २२ जुलै २०२१ उजाडला. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आंबेनळी घाट जागोजागी खचला, वाहून गेला. त्याच दिवशी महाडजवळ तळीये गाव डोंगराखाली गेलं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी घाट पाहायला गेलो. मोऱ्या आमच्या कोष्टकांप्रमाणे अगदी बरोबर होत्या, पाऊस त्या कोष्टकात बसणारा नव्हता.

हवेचं तापमान एक अंशानं वाढलं की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पाऊस सगळीकडे सारखा वाढत नाही, तो कमी तासांत जास्त कोसळतो. हिमालयात याला दुसरी एक गोष्ट येऊन मिळते. चार-साडेचार हजार मीटरवर जिथे पूर्वी बर्फ पडायचं, तिथे आता पाऊस पडू लागला आहे. बर्फ पडलं तर ते बसून राहतं आणि हळूहळू विरघळतं. पाऊस लगेच वाहतो. आणि तो वाहतो कशावरून? हिमनदी मागे हटताना तिनं टाकून दिलेल्या हिमोढांवरून, म्हणजे दगड, वाळू, चिकणमाती यांच्या सैल ढिगांवरून, ज्यांवर गवताचं मूळही धरलेलं नसतं. वरच्या कड्यांमधल्या भेगांत गोठलेलं पाणी खडकाला सिमेंटसारखं धरून असतं, तेही ढिलं होत चाललं आहे. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात त्याच्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगानं घटल्या, असं काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वत विकास केंद्राचा २०२३ चा अहवाल सांगतो. जगाचं तापमान दीड अंशावर रोखलं तरी शतकाच्या अखेरीपर्यंत तिथलं एक तृतीयांश बर्फ जाईल, असं याच संस्थेनं २०१९ मध्ये म्हटलं होतं. चमोलीत ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंटी शिखराचा खडक आणि बर्फ सुटून खाली आला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तो ना पावसाळा होता, ना उन्हाळा.

५ ऑगस्ट २०२५ ची दुपार तर आपल्याला आठवतच असेल. धरालीवर खीरगाड उतरली. मोबाइलवर चित्रित झालेली ती काही सेकंदं आपण सगळ्यांनीच पाहिली: लाल-हिरव्या छपरांची हॉटेलं, वरून धावत येणारा चिखल आणि कुणीतरी पळा म्हणून मारलेल्या शिट्ट्या. खाली दरीतल्या पर्जन्यमापकांनी त्या दिवशी ढगफुटी म्हणावी एवढा पाऊस नोंदवलेला नव्हता. जे आलं ते वरून, बर्फाच्या रेषेकडून आलं, जिथे पाऊस मोजणारं यंत्रच नाही. धराली ज्या पंखाच्या आकाराच्या मैदानावर वसलं, ते मैदान खीरगाडनंच पूर्वी कधीतरी आणून टाकलेल्या मलब्याचं आहे. तिथलं कल्पकेदाराचं मंदिर आधीच्याच गाळात अर्धं गाडलेलं होतं. जुन्या माणसांनी वस्ती डोंगरउतारावर केली आणि नदीकाठी शेतं ठेवली. मैदानावर हॉटेलं आली ती रस्त्याबरोबर.

त्या वेळी महाराष्ट्रातले शंभराहून अधिक लोक त्या परिसरात अडकले होते. माझ्या शेजारच्या घरातला मुलगा त्यात होता. दोन दिवस त्याच्या आईनं फोन हातातून खाली ठेवला नाही. तो सुखरूप आला, हेलिकॉप्टरनं. रस्ता भटवाडीपासून पुढे जागोजागी तुटला होता. गंगनानीच्या पुढचा लिमचागाडचा पूल वाहून गेला होता. सीमा सडक संघटनेच्या माणसांनी रात्रंदिवस खपून तिथे बेली पूल उभा केला. त्यांच्या कामाला मी हात जोडतो.

आणि हर्सिलच्या सैनिकी तळालाही पुराचा तडाखा बसला होता. जवान बेपत्ता झाले होते. ही गोष्ट मी मुद्दाम स्वतंत्र लिहितो, कारण दहा मीटरच्या बाजूनं सर्वांत वजनदार युक्तिवाद सैन्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ८ सप्टेंबर २०२० रोजी आपल्याच मंत्रालयाच्या २३ मार्च २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे साडेपाच मीटर रुंदी ठेवा असं सांगितलं होतं. त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक बदललं, सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यांना सात मीटर आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरची पक्की साइडपट्टी लागू झाली आणि १४ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयानं संरक्षणाची गरज मान्य करून त्याला परवानगी दिली. मी त्या गरजेची टिंगल करणार नाही. १९६२ मध्ये नेलाँग आणि जाढुंग ही गावं रिकामी करावी लागली. तिथले जाड लोक आज बगोरी आणि डुंडा इथे राहतात आणि आपल्या मूळ गावी पाहुण्यासारखे जाऊन येतात. सीमेवर रस्ता नसणं म्हणजे काय, हे त्यांना विचारावं.

पण साहेब, सैन्याला हवा असतो तो भरवशाचा रस्ता. ऑगस्टमध्ये जो रस्ता दहा ठिकाणी तुटतो त्याची रुंदी मे महिन्यात किती होती याला अर्थ उरत नाही. ऋषिकेश ते जोशीमठ हा रस्ता बऱ्याच अंशी रुंद झाला. २०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या पोट्सडाम विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या २४७ किलोमीटरवर रस्ता पूर्ण किंवा अंशतः अडवणाऱ्या दरडी मोजल्या. ३०९ भरल्या. किलोमीटरला सव्वा दरड. त्यात पाऊस, खडकाचा प्रकार, उतार अशी सगळी कारणं आहेत, पण रुंदीकरणाचा वाटाही त्यांनी नोंदवला आहे. रणगाडा असो की रुग्णवाहिका, दरडीपुढे दोन्ही थांबतात.

या प्रकल्पासाठी नेमलेल्या, रवी चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चाधिकार समितीत २०२० मध्ये मतभेद झाले, हे मला माहीत आहे. बहुसंख्य सदस्य रुंद रस्त्याच्या बाजूचे होते. अध्यक्ष आणि काही थोडे सदस्य साडेपाच मीटरच्या बाजूचे. पुढे चोप्रांनी पद सोडलं. मतं मोजून तो प्रश्न तेव्हा सुटला असेल. परंतु धराली तेव्हा घडायचं होतं, जोशीमठच्या घरांना तडे जायचे होते, सिलक्यारा बोगद्यात ४१ मजूर सतरा दिवस अडकायचे होते. २०२१ चा निकाल ज्या माहितीवर दिला गेला, तिच्यात ही तिन्ही प्रकरणं नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मुरली मनोहर जोशी आणि करण सिंह यांच्यासारख्या ज्येष्ठांनी इतर अनेकांबरोबर सर्वोच्च न्यायालयाला फेरविचाराची विनंती केली. त्यांना कुणी विकासविरोधी म्हणू शकेल असं मला वाटत नाही. शिवाय न्यायालयानं दिली ती परवानगी आहे. ती प्रत्येक मीटरवर वापरलीच पाहिजे असं बंधन आपल्यावर नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती बोलतोच. आठशे-नऊशे किलोमीटरचा हा प्रकल्प ५३ तुकड्यांत वाटला गेला आणि शंभर किलोमीटरपेक्षा लांब महामार्गाला जो पर्यावरणीय आघाताचा अभ्यास लागतो, तो सबंध प्रकल्पाचा असा झाला नाही. कामं तुकड्यांत द्यावी लागतात, हे मी जाणतो. निविदा, ठेकेदार, यंत्रसामग्री यांचा तो व्यवहार आहे. पण नदी तुकड्यांत वाहत नाही. वरच्या तुकड्यातला राडारोडा खालच्या तुकड्यातल्या पुलाखाली येऊन बसतो. हा अभ्यास तेव्हाच केला असता तर आज मला हे पत्र लिहावं लागलं नसतं आणि कदाचित आपलंही काम लवकर झालं असतं.

झाला ते भैरोंघाटी या पट्ट्यातले देवदार ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. मी २०१९ च्या मे महिन्यात पत्नीबरोबर गेलो होतो. धरालीच्या पुढे गाडी थांबवायला लावून आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बराच वेळ नुसते उभे होतो. एकेक बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. एकोणिसाव्या शतकात विल्सन नावाच्या इंग्रजानं हर्सिलला बसून याच खोऱ्यातले देवदार तोडले आणि नदीत सोडून रेल्वेच्या स्लीपरांसाठी खाली नेले. आज जे उभे आहेत ते त्या कुऱ्हाडीतून वाचलेले किंवा तिच्यानंतर वाढलेले. रुंदीकरणासाठी यातले हजारो काढायचे आहेत, काही तोडून, काही उपटून दुसरीकडे लावून. पूर्ण वाढलेला देवदार तीव्र उतारावरून मुळासकट काढून दुसरीकडे जगवता येईल यावर माझा विश्वास नाही. पण मी सौंदर्यासाठी किंवा फक्त कार्बनसाठी त्यांची बाजू घेत नाही. त्या उतारांवर हिवाळ्यात बर्फाचे कडे सुटतात, पावसाळ्यात दगड. देवदारांची दाट रांग त्यांना अडवते आणि मुळं सैल माती धरून ठेवतात. संरक्षक भिंतीसाठी आपण कोट्यवधी रुपये मोजतो. ही भिंत तिथे आधीच उभी आहे आणि दरवर्षी स्वतःची डागडुजी स्वतः करते. गढवालच्या बायकांनी १९९४ पासून झाडांना राखी बांधून त्यांना भाऊ मानलं, ते रक्षासूत्र आंदोलन याच भागातलं. अलीकडे हर्सिलच्या देवदारांनाही पुन्हा धागे बांधले गेले. ज्यांना त्या रस्त्याची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यातलीच ही माणसं आहेत.

त्या गरजेकडे मी डोळेझाक करत नाही. हर्सिलचं सफरचंद आणि राजमा वेळेत ऋषिकेशला पोचला नाही तर वर्षाची कमाई जाते. हर्सिलजवळच्या मुखबा गावात कुणी आजारी पडलं तर मोठा दवाखाना उत्तरकाशीला. हिवाळ्यात गंगेची पालखी मुखब्याला येते, गेल्या काही काळात हिवाळी पर्यटनाचाही आग्रह धरला जातो आहे, तरुणांना गावातच काम मिळावं म्हणून. हे सगळं योग्य आहे. त्यांना पक्का, डांबरी, बारमाही रस्ता मिळालाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की त्यांच्या गरजेला दहा मीटर लागत नाहीत. दहा मीटर लागतात ते मे-जूनमध्ये मैदानी प्रदेशातून एकाच वेळी वर येणाऱ्या हजारो गाड्यांना. २०२३ मध्ये चारधामला ५० लाखांहून अधिक भाविक गेले. त्यात आपण मराठी माणसंही पुष्कळ असतो. स्वतःच्या गाडीनं मंदिराच्या दारापर्यंत जायची सवय आपल्याला लागली आहे आणि त्या सवयीसाठी डोंगर कापला जातो आहे. रस्ता रुंद झाला की गाड्या वाढतात, गाड्या वाढल्या की नदीकाठी आणखी हॉटेलं उभी राहतात. हवामान बदललेलं असताना त्या काठावर अधिक माणसं नेऊन बसवणं हा माझ्या दृष्टीनं या प्रकल्पाचा सर्वांत मोठा धोका आहे, दरडींपेक्षाही मोठा.

मग करायचं काय? उत्तर शोधायला दूर जावं लागत नाही, आपल्या कोकणात ते सापडतं. २००३ मध्ये वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी दरडीवर आदळून ५० हून अधिक प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. तेव्हा कुणी लोहमार्ग रुंद करून मोकळं झालं नाही. उतार बांधून काढले, जाळ्या बसवल्या, पावसाळी गस्त वाढवली आणि गाड्यांचा वेग उतरवला. आज जून लागला की कोकणातला प्रत्येक चाकरमानी पावसाळी वेळापत्रक विचारून तिकीट काढतो. गाडी उशिरा पोचते याची तक्रार कुणी करत नाही. पोचते, हे पुरे असतं. परशुराम घाटातही आपल्याच मंत्रालयाच्या कामासाठी २०२२ मध्ये ठरावीक तास वाहतूक बंद ठेवली गेली, लोकांनी ते सोसलं.

गंगोत्रीच्या रस्त्यासाठी मी असंच काही मागतो आहे. डांबरी पट्टी साडेपाच मीटरच राहू द्या आणि ठरावीक अंतरावर, जिथे खडक पक्का आहे तिथे, दोन अवजड वाहनं सहज ओलांडतील एवढे रुंद थांबे करा. सैन्याचा ताफा निघाला की खालची वाहतूक फाटकावर रोखता येते, घाटांत हे आपण वर्षानुवर्षं केलं आहे. रुंदीवर जो पैसा वाचेल तो गाडांवरच्या पुलांवर घाला. मोऱ्यांच्या जागी एकाच लांब गाळ्याचे, उंच पूल हवेत, ज्यांच्याखालून पाण्याबरोबर शिळा आणि झाडंही निघून जातील. खीरगाडसारख्या प्रत्येक नाल्याच्या माथ्यावर, हिमरेषेजवळ, पर्जन्यमापक आणि पाण्याची चाहूल देणारी यंत्रं बसवा आणि त्यांचा भोंगा खालच्या गावात वाजू द्या. धरालीच्या लोकांना शिट्ट्यांवर अवलंबून राहावं लागलं. जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टीचा इशारा असेल तेव्हा यात्रेच्या गाड्या उत्तरकाशीलाच थांबवा. खासगी गाड्या तिथेच ठेवून पुढे बसनं जायचं, अशी सोय झाली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. आणि आधी कापलेले जे उतार उघडे आहेत ते बांधून होईपर्यंत नवीन उतारावर यंत्र चढवू नका. या शेवटच्या मागणीवर मी तडजोड करणार नाही.

बोगद्यांचा पर्याय सुचवला जातो. काही जागी तो योग्य असेलही. सिलक्यारानंतर मी एवढंच म्हणेन की आधी भूशास्त्रज्ञाचं पूर्ण ऐकावं, मग निविदा काढावी.

या सगळ्यात गाडी ताशी साठऐवजी तीसनं जाईल. उत्तरकाशीहून गंगोत्रीला पोचायला दीड-दोन तास जास्त लागतील. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीतली माणसं चारधामला निघताना घरच्यांचा कायमचा निरोप घेऊन निघायची. दोन तास कुणाला जड वाटू नयेत.

गोमुखापासून उत्तरकाशीपर्यंतचा हा टापू, ४१७९ चौरस किलोमीटरचा, आपल्याच केंद्र सरकारनं डिसेंबर २०१२ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. देशातल्या सर्वांत मोठ्या नदीच्या उगमापाशी आपण जरा जपून वागू, असं त्यात देशाला दिलेलं वचन आहे. रस्तेबांधणीत आपला शब्द चालतो. आपण थांबा म्हणालात तर यंत्रं थांबतील, हे उत्तराखंडातल्या कुठल्याही गावकऱ्याला आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियंत्याला माहीत आहे. म्हणून हे पत्र पर्यावरण खात्याला न लिहिता आपल्याला लिहिलं.

माझी विनंती अशी: झाला ते भैरोंघाटी दरम्यानच्या देवदारांवर कुऱ्हाड पडण्याआधी आपण एकदा स्वतः तिथे जा. हेलिकॉप्टरनं नको, उत्तरकाशीहून गाडीनं, जुलैच्या पावसात. बरोबर एक भूशास्त्रज्ञ, सीमा सडक संघटनेचा एखादा जुना मुकादम आणि धरालीत घर गमावलेलं कुणीतरी असू द्या. लिमचागाडच्या पुलावर उतरा, वर बघा आणि मग रुंदीच्या कागदावर सही करायची की नाही ते ठरवा.

आपला,
घाटरस्त्यांवर आयुष्य काढलेला एक निवृत्त उपअभियंता
सातारा